चुणीतली पिवळी रेघ

११ एप्रिल १९९४

ही वही गिऱ्हाइकांच्या मापांची. पुढची पानं लोकांच्या कमरांनी भरलीत, मागची कोरी होती. आज मागून सुरुवात करते, कारण हे कुणाला सांगण्यासारखं नाही आणि पोटात ठेवलं तर पोट फुटेल.

हेक्टर बेन आला होता. हा पोस्ट सांभाळतो आणि ऑगस्टच्या खेळांच्या समितीचा चिटणीसही आहे, म्हणून चिठ्ठी द्यायला आला तरी भाषण द्यायला आल्यासारखा उभा राहतो.

"मिस गिलक्रिस्ट, समितीनं एकमतानं ठरवलंय. टॉर्क्विल मॅकफेल यंदा बँड सोडतोय. तीस वर्षं पाइप मेजर म्हणून बॅगपाइपवाल्यांच्या पुढे चालला. गावातर्फे त्याला नवा किल्ट द्यायचा, आपल्या खोऱ्याच्या चौकडीचा, टार्टनचा. खेळांच्या दिवशी तो घालून बँडच्या पुढे शेवटचा चालेल."

मी इस्त्री खाली ठेवली. "इन्व्हरनेसला चांगली दुकानं आहेत."

"आहेत ना. पण तो म्हणाला, एफीनं शिवला तर घेईन, नाहीतर नको."

निर्लज्जपणाला काही सीमा? या माणसानं माझ्या भावाला पाण्यात सोडलं आणि स्वतः पोहून बाहेर आला. त्याला मी तेहतीस वर्षं पाण्यात पाहतेय, रस्त्यात समोर आला तर पलीकडच्या बाजूनं जातेय, आणि हा माझ्याच सुईचा किल्ट मागतो.

"शिवते," मी म्हटलं.

हेक्टरला केवढा आनंद. म्हणाला, "काळ सगळ्यावर औषध असतो, नाही का?" मी त्याला दारापर्यंत पोचवलं. काळ औषध असेल, पण मी ते घेतलेलं नाही.

१३ एप्रिल

माप घेतलं. तो बरोबर दहाला आला, टोपी हातात. एवढ्या वर्षांत या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदाच. मी बस म्हटलं नाही.

टेप कमरेभोवती फिरवताना हात अंगाला लागू न देण्याची एक पद्धत असते. ती मी लॉर्डपासून खाटकापर्यंत कुणासाठीच वापरत नाही, आज वापरली.

"श्वास ओढून धरू नकोस. खोटं माप येतं."

"ओढलेला नाही. आहे तो एवढाच."

कंबर अडतीस. तेव्हा एकोणतीस होती. हे मला का आठवावं कळत नाही. मिस लॅम्बीकडे शिकत होते तेव्हा तिनं त्याचा किल्ट शिवला आणि माप माझ्याकडून लिहून घेतलं, म्हणून असेल.

कमरेपासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत चोवीस. तो सगळा वेळ खिडकीतून लॉखच्या खाडीकडे बघत होता. निघताना म्हणाला, "एफी, एकच सांगायचं होतं. बकलं मोठी लाव. हाताला पटकन सापडतील, पटकन निघतील अशी."

"का? पुन्हा घाईनं काढायची वेळ येणार आहे?"

त्यानं टोपी घातली आणि गेला. हा टोमणा मी तेहतीस वर्षं जिभेवर घेऊन फिरत होते. एकदाचा मारला. चहाला आज वेगळीच चव होती.

२ मे

कसं उट्टं काढायचं, ते ठरलं. आधी वाटत होतं, शिवणच कच्ची ठेवावी, म्हणजे भर मैदानात आठ वार लोकर याच्या घोट्याशी येऊन पडेल. पण मग लोक काय म्हणतील? एफीची शिवण सुटली. माझी शिवण तेहतीस वर्षांत कुणाच्या अंगावर सुटलेली नाही. या माणसापायी मी ते नाव घालवणार नाही.

मग काल कापड टेबलावर पसरलं आणि आपोआप दिसलं. आमच्या खोऱ्याचा टार्टन म्हणजे गडद हिरवा, गडद निळा, काळा, आणि मधे एक बारीक पिवळी रेघ. किल्टला मागे चुण्या घालताना दोन रीती. एक, चुण्या अशा घालायच्या की मागूनही समोरच्यासारखीच पूर्ण नक्षी दिसेल. दुसरी फौजी रीत. एकच पट्टा निवडायचा आणि प्रत्येक चुणीच्या काठावर तोच आणायचा. बाकीचे रंग चुणीच्या पोटात जातात. माणूस उभा असताना ते दिसत नाहीत. चालला, की चुणी उघडते आणि पोटातला रंग दिसतो, पुन्हा मिटते.

काठावर निळा घेईन. पोटात, बरोबर मध्यावर, पिवळी रेघ. अठ्ठावीस चुण्या, प्रत्येकीत एक. उभा असताना धर्मगुरूसारखा गंभीर दिसेल. चालायला लागला की पाठीमागे पिवळंच पिवळं. आणि स्वतःची पाठ कुणालाच दिसत नाही.

पिवळा म्हणजे भेकड, हे तर इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण आमच्या गावात त्याला आणखी अर्थ आहे. माझ्या भावाला, रूरीला, पुरून आल्यावर बाबांनी रंगाचा डबा उचलला, सरळ टॉर्क्विलच्या घरी गेले आणि त्याच्या दारावर पिवळा रंग फासला. अर्ध्या गावानं पाहिलं. कुणी अडवलं नाही. आणि यानं काय करावं? तो रंग खरवडला नाही. उलट उरलेलं दारही पिवळं रंगवलं. दर चार-पाच वर्षांनी नव्यानं रंगवतो. कोडगेपणा म्हणतात तो हा.

विणकराला फोन करून सगळं कापड नव्यानं विणायला सांगितलं, तीन वार जास्त, आणि पिवळी रेघ दोन धाग्यांऐवजी चार धाग्यांची कर म्हटलं. म्हणजे आता हे सगळं कापड बाद, नवंच येईल. हेक्टरला सांगितलं की फौजी रीतीनं करतेय, पाइप मेजरला तीच शोभते. तो म्हणाला, "वा, काय विचार केलाय तुम्ही." केलाय खरा.

१९ मे

नवं कापड आलं. रेघ अशी उठून दिसते की बघत राहावं. आज चुण्या आखल्या, खडूनं खुणा केल्या, कच्च्या दोऱ्यानं टाचल्या.

असं टाचायला बसलं की मला रूरीचा किल्ट आठवतो. तो माझा पहिला. मी एकवीस वर्षांची, तो बावीसचा. पलीकडच्या काठावर पाइप वाजवण्याची स्पर्धा होती आणि त्याला नवा किल्ट घालूनच जायचं होतं. मिस लॅम्बी म्हणाली होती, सहा आठवड्यांत पहिला किल्ट होत नाही. मी पाच आठवड्यांत केला. फक्त बकलं आली नव्हती, इन्व्हरनेसहून यायची होती, टपाल अडकलं होतं. स्पर्धेच्या सकाळी तो उंबऱ्यात उभा, टॉर्क्विल धक्क्यावर होडी धरून हाका मारतोय, आणि किल्टला बकलं नाहीत.

मग मी तो त्याच्या अंगावरच शिवून टाकला. गुडघ्यांवर बसले आणि कंबर ते नितंब, वरच्या पदराची उघडी कड शिवून बंद केली. सुई टोचली की तो ओरडायचा.

"अगं, पण मग मधेच जायची वेळ आली तर?"

"वर उचल. तुझे आजे-पणजे काय काढून ठेवत होते?"

हसून हसून आम्हां दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. आई स्वयंपाकघरातून ओरडली, गधड्यांनो, भरती उलटेल. मी शेवटची गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला. तो दारातून वळून म्हणाला, "सुटणार नाही ना?" मी म्हटलं, "माझी शिवण आहे ती."

माझ्या भावाला जिवंत पाहिलं ते शेवटचं. धक्क्याकडे धावताना त्याच्या चुण्या काय सुंदर उघडत होत्या.

होडी भर लॉखमध्ये उलटली. टॉर्क्विल त्याच संध्याकाळी किनाऱ्याला लागला, नुसत्या शर्टावर. किल्ट काढून फेकून दिला होता. भिजलेली आठ वार लोकर माणसाला खाली ओढते, हे त्याला कळत होतं. मग रूरीला नसेल का कळत? त्याला मदतीला एक हात हवा असेल, आणि तो हात स्वतःचं सोडवण्यात गुंतला होता. रूरी तिसऱ्या दिवशी मिळाला, किल्टसकट.

७ जून

जेसी आली होती. शेजारच्या बेकरीची जेसी, माझी एकुलती एक मैत्रीण, आणि तोंडानं आकाशवाणी. तिला चुणी उघडून दाखवली. दाखवायला नको होती, पण बघायला कुणीतरी हवंच ना.

आधी तिला कळेना. मी कापड हातात धरून हलवलं, तेव्हा ती खुर्चीत बसली.

"एफे, हे मुद्दाम?"

"नाही. देवानं सुचवलं."

"अख्खं गाव मागे उभं असेल गं."

"म्हणून तर."

ती हसायला लागली. मग थांबली. "तुझी आई असती तर तिला नसतं आवडलं."

हे तिनं बोलायला नको होतं. आईचं मला कधीच समजलं नाही. बाबांनी दार रंगवलं तेव्हा ती गप्प होती. पण पुढच्या नववर्षापासून मरेपर्यंत दर वर्षी काळा केक करून त्याच्या घरी द्यायला जायची. मी भांडायचे, दोन-दोन दिवस बोलायचे नाही. ती एवढंच म्हणायची, "तुला नाही कळायचं." रूरीला आणलं त्या दिवशीही तिनं मला त्या खोलीत येऊ दिलं नाही. एकटीनं त्याला आंघोळ घातली आणि त्याचा किल्ट, माझा पहिला किल्ट, चुलीत जाळून टाकला. मला एक चिंधीसुद्धा ठेवू दिली नाही. आईचं मन मेणाचं होतं. माझं नाही.

२८ जून

फिटिंग. अस्तर लावायचं राहिलंय, पण चुण्या शिवून झाल्या. टॉर्क्विल आरशापुढे उभा राहिला. बसला आहे मात्र अप्रतिम. शत्रूच्या अंगावर असला तरी माझं काम मला कळतं.

"चालून बघू का?" तो म्हणाला.

"कशाला? इथे जागा नाही."

पण तो चाललाच. टेबलापासून दारापर्यंत चार पावलं, परत चार पावलं. वळताना खांद्यावरून आरशाकडे बघितलं. टाचण्यांची डबी हातातून पडली आणि मी त्या वेचायला खाली बसले, म्हणजे माझं तोंड त्याला दिसू नये.

"छान झालाय," तो म्हणाला. मग खाली वाकला, त्या वयात गुडघे टेकून, आणि माझ्याबरोबर टाचण्या वेचायला लागला. त्याची बोटं सांध्यांत सुजलेली आहेत. टाचणी धरता येत नव्हती, तरी वेचत होता.

"राहू दे," मी म्हटलं.

"असू दे."

त्याला दिसलं नसणार. दिसलं असतं तर बोलला असता. एवढा अपमान कोण गिळेल?

२२ जुलै

खरं लिहायचं तर दोन आठवडे किल्ट तसाच टेबलावर पडलाय. चुण्या उसवून साध्या रीतीनं घालाव्यात असं दोनदा मनात आलं. एकदा तर कात्रीही उचलली होती. टाचण्या वेचणारी ती बोटं डोळ्यांपुढे येतात आणि मला माझाच राग येतो. बोटं सगळ्यांचीच सुजतात. रूरीची सुजायची राहिली.

काल दुपारी तो धक्क्यावर पाइप वाजवत होता. तोच मरणाचा सूर, जो तो दर ऑक्टोबरला, रूरी गेला त्या दिवशी, वाजवतो. यंदा जुलैतच का, कुणास ठाऊक. सगळं गाव थांबून ऐकतं, बायका डोळे पुसतात. बुडवणाऱ्यानंच शोक करायचा आणि टाळ्याही त्यानंच घ्यायच्या. ऐकता ऐकता माझं मन पुन्हा घट्ट झालं. कात्री खणात ठेवली.

आज अस्तर लावलं. बकलं मोठी मागितली होती ना? लहान लावली. आणि पट्टे नव्या जाड कातड्याचे, भोकं अगदी आवळ. बघू किती पटकन निघतात ते.

देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात. माझ्या सुईलाही नसतो.

६ ऑगस्ट

झालं.

ऊन होतं. मैदानाभोवती सगळं खोरं जमलं होतं. मी मुद्दाम पूर्वेच्या दोरीशी उभी राहिले, कारण बँड तिथूनच पाठ करून निघतो. जेसी माझ्या शेजारी. हेक्टरनं भाषण केलं, किल्टबद्दल माझं नाव घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. टॉर्क्विल समोर उभा, ताठ. अंगावर सगळा साज, फक्त मोज्यात खोचायची छोटी सुरी नव्हती. तो कधीच लावत नाही. बाकी प्रत्येकाच्या मोज्यात असते. भित्र्याला सुरी कशाला?

ढोल वाजले, तो वळला आणि चालू लागला.

मी शिवलं होतं तरी मला वाटलं नव्हतं इतकं दिसलं. पाऊल पडलं की पिवळं, पाऊल पडलं की पिवळं. आधी पुढच्या रांगेतल्या एकानं शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं. मग कुजबुज दोरीच्या कडेनं सरकत गेली. म्हाताऱ्या लोकांना दार आठवत होतं. ते तरुणांना सांगत होते. कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

आणि त्यानं काय करावं? नेहमी बँड मैदानाला एक फेरी घालतो. यानं तीन घातल्या. हळूहळू, प्रत्येक पाऊल लांब टाकत. दर वेळी आमच्यासमोर आला की पाठ करून वळायचा आणि तिथून सरळ लांबवर जायचा.

मला जे हवं होतं ते मिळालं, शिवाय तिप्पट. घरी आले, बूट काढले, बसले. आनंद झाला आहे. तो झालाच पाहिजे. जेसीनं जाताना हात दाबला आणि म्हणाली, "आता तरी संपलं ना गं?" हो म्हटलं. भूक नव्हती.

८ ऑगस्ट

आज सकाळी तो दुकानात आला, किल्ट घडी घालून हातावर घेतलेला. मी मनाशी म्हटलं, आला भांडायला. ये. मी तयार आहे.

"पट्टे थोडे सैल करून हवेत," तो म्हणाला. "शनिवारी निघेचनात. बोटं वळत नाहीत आता. जेवलो तसाच, झोपलोही तसाच. रविवारी पोरगी आली, तिनं पक्कड आणून काढला."

मला हसू आलं. खरंखुरं हसू, पोटातून आलेलं. पाइप मेजर मॅकफेल किल्ट घालून पांघरुणात, हे चित्रच डोळ्यांपुढे आलं. तोही थोडं हसला. तो हसला म्हणून मला चेव आला.

"का रे? लॉखमध्ये तर अर्ध्या मिनिटात काढला होतास."

"त्याला बकलं होती," तो म्हणाला.

बोलून गेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि पाहिलं तसं एकदम घाईनं म्हणाला, "म्हणजे, मोठी होती. मिस लॅम्बी मोठी लावायची." किल्ट टेबलावर ठेवला आणि टोपी विसरून निघून गेला.

त्याला बकलं होती. असणारच. किल्टला बकलं असतातच, त्यात सांगायचं काय? दुपारी खाटकाच्या मुलाच्या किल्टचा पदर इस्त्री करत बसले होते. इस्त्री ठेवली तिथेच राहिली आणि कापड जळलं.

९ ऑगस्ट

आईनं मला खोलीत येऊ दिलं नाही.

तिला तो किल्ट त्याच्या अंगावरून कात्रीनं कापून काढावा लागला असणार.

१० ऑगस्ट

दुकान उघडलं नाही. जेसी दार वाजवून गेली. मी टेबलाखाली बसले होते. चौपन्न वर्षांची बाई, टेबलाखाली.

११ ऑगस्ट

त्याची टोपी घेऊन गेले. दार पिवळं. मी ते जवळून कधी पाहिलंच नव्हतं. नीट, सारख्या हातानं रंगवलेलं आहे.

त्यानं उघडलं आणि बाजूला झाला. मी बसले नाही. बसले असते तर उठता आलं नसतं.

"सुरी होती तुझ्याकडे?"

"होती. मोज्यात."

"मग?"

"कापायला घेतलं. पाणी फार गार होतं गं. बोटांना सुरी कळत नव्हती. आणि दोरा दुहेरी होता."

"तिहेरी," मी म्हटलं. "मेण लावलेला."

"असेल," तो म्हणाला. "थोडा तुटला. मग सुरी हातातून गेली."

स्वयंपाकघरात किटली शिट्टी घालत होती. दोघांपैकी कुणीही ती बंद करायला गेलं नाही.

"नंतर मी त्याला धरून होतो. किती वेळ, ते माहीत नाही. तो म्हणाला, सोड. मी नाही म्हटलं. परत म्हणाला, सोड. मग मी सोडलं. तेवढं तुझ्या बाबांचं खरं आहे, एफी. सोडलं मी."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुझ्या आईनं विचारलं, तिला सांगितलं. तिनं शपथ घातली. म्हणाली, एक पोर गेलं, दुसरं घालवू नकोस. कुणावर तरी रागावू दे तिला, म्हणजे जगेल."

"आणि तू तयार झालास."

"दार तर रंगवून झालंच होतं," तो म्हणाला.

मला त्याला मारावंसं वाटलं. खरंच वाटलं. तेहतीस वर्षं माझा राग या माणसानं मला जेवणासारखा वाढला, आणि मी रोज बसून जेवले. आता तो राग कुणाच्या पानात टाकू? आई मेली. रूरी मेला. उरलं कोण, ते मला ठाऊक आहे.

"किल्ट दे. म्हणजे, माझ्याकडेच आहे. मी उसवते. साध्या चुण्या घालते."

"रविवारी चर्चला घालणार आहे. पट्टे तेवढे सैल कर."

"त्या पिवळ्यासकट?"

"एफी, मी तीस वर्षं सरावाला बँडच्या मागून चालत पोरांची पावलं बघितली. चुणी कशी उघडते ते मला कळत नसेल होय? फिटिंगलाच दिसलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू इतकं मन लावून केलं होतंस," तो म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

१४ ऑगस्ट

पट्टे सैल करून काल किल्ट पोचवला. उसवायला हात जात होता, पण ज्याचा आहे त्यानं नको म्हटलंय.

आज चर्चला तो घालूनच आला. लोक दारापाशी नेहमीसारखे घोळक्यानं उभे होते. तो खालच्या रस्त्यानं चढून आला, घोळक्याच्या मधून गेला, आणि त्याची पाठ सगळ्यांकडे झाली. चढणीवर चुण्या जास्तच उघडतात. हसण्याची खसखस पिकली. हेक्टर खोकल्याचं नाटक करत होता. जेसीनं मला कोपर मारलं. "बघ गं, चालतंय पिवळं. कुणी केलं असेल बाई हे?"

तिला वाटलं मी हसेन.

"मी केलं," मी म्हटलं. "आणि चूक केली."

आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. टॉर्क्विल थांबला, पण वळला नाही. माझ्या तोंडून कामातली चूक या गावानं कधी ऐकलेली नाही, म्हणून असेल, सगळेच थांबले.

"पिवळा त्याचा नाही. रूरीच्या किल्टला बकलं नव्हती. मी त्याला त्यात शिवून टाकलं होतं, तिहेरी दोऱ्यानं. त्याला तो काढता आला नाही. टॉर्क्विलनं सुरीनं कापायला पाहिलं. माझा दोरा तुटला नाही."

एवढंच बोलले. जेसीचा हात माझ्या कोपरावर होता, तो तिनं काढला, आणि थोड्या वेळानं परत ठेवला. वर घंटा वाजत होती आणि धर्मगुरू दारात येऊन, काय झालं ते न कळून, सगळ्यांकडे बघत होते.

टॉर्क्विल परत खाली आला. त्याचा चेहरा रागानं लाल झाला होता. मी माफी मागेन या भीतीनंच बहुतेक, मला बोलूच दिलं नाही.

"तुझ्या आईला मी शब्द दिला होता," तो म्हणाला.

"मी नव्हता दिला."

त्यानं टोपी काढली आणि दारातून मला आधी आत जाऊ दिलं.